नाक्यावरच्या साहेबांची चरखी

पंचवीस वर्षांचा झालो तरी मला दुकानात बसता येत नव्हतं. तामलवाडीत सोलापूरच्या रस्त्याला लागून आमचं भुसाराचं दुकान होतं. अप्पा, म्हणजे माझे वडील, सकाळी लिंगपूजा आटोपून गादीवर बसले की दुपारी जेवायलाच उठत. मी घडीभर बसलो की माझे गुडघे हलायला लागत. पोती बघायचं निमित्त काढून मागं जायचो, मागनं पुढं यायचो, रस्त्याला कुणाची गाडी लागली का बघायचो. माझी बायको उमरग्याच्या पलीकडची, माहेरी कानडी बोलणारी. अप्पांना ऐकू जाणार नाही अशा बेतानं ती म्हणायची, की नवरा बसलेला असा तिनं एकदाच पाहिला, बोहल्यावर.

मला काय हवं होतं ते मलाच कळत नव्हतं. मोठी लढाई संपली होती. निजामाचं राज्य राहणार की जाणार, यावर पारावर रोज बोलणं व्हायचं आणि रोज ते अर्ध्यावर सुटायचं. मला वाटायचं, काहीतरी होणार आहे, आणि आपण जोंधळा मापत बसलेले असताना ते दुसरीकडंच कुठंतरी होऊन जाणार आहे.

गावाच्या पुढं इंग्रजांची हद्द लागायची. त्या बाजूला करोडगिरीचा, म्हणजे जकातीचा, नाका होता. सोलापूरहून येणारा माल तिथं थांबायचा. नाक्यावरचे साहेब हैदराबादचे. वय पन्नाशीच्या पुढचं, बायको वारलेली, मूलबाळ नाही. दोन वर्षांपूर्वी त्यांना अर्धांगाचा हलका झटका आला होता. चालणंबोलणं सुधारलं, पण उजव्या हाताचा अंगठा बधिर राहिला. सही करताना ते टाक दोन बोटांत धरायचे.

थंडीच्या दिवसांत एकदा ते दुकानात आले आणि शिलाईच्या मशीनला घालतात तसलं पातळ तेल आहे का म्हणून विचारलं. कशाला हवंय, असं मी विचारलं, तसा त्यांनी शेरवानीच्या खिशातनं रुमालात बांधलेली एक वस्तू काढून गादीवर ठेवली. पितळेच्या दोन तबकड्या, मधे आडवं रीळ, उजव्या अंगाला दोन टोकांची मूठ. मूठ एकदा फिरवली की रीळ चार वेढे फिरायचं. साहेब तिला चरखी म्हणत. मासे धरायची चरखी. सिकंदराबादेत एक इंग्रज रेल्वेचा इंजिनियर विलायतेला परत निघाला, त्याच्याकडनं त्यांनी ती घेतली होती. तिच्याबरोबरची पोलादी काठी बदलीच्या वेळी गाडीच्या चाकाखाली सापडून मोडली. चरखी राहिली, पण तिच्यावरच्या रेशमी दोराचा असा गुंता झाला होता की सुगरणीचं घरटं बरं.

आमच्या घरात माशाचं नाव निघत नसे. गळ्यात लिंग, घरात अंडंसुद्धा कधी आलेलं नाही. पण त्या वेळी माझ्या मनात मासा आलाच नाही. मला फक्त तो गुंता दिसला आणि त्याच्या आत असलेलं बारीक दातांचं चाक दिसलं. मी साहेबांना म्हटलं, राहू द्या इथं, बघतो.

दुपारभर मी तो दोर सोडवत होतो. सुईनं एकेक फास मोकळा करायचा, ओढायचा नाही. मग तबकड्या उघडल्या, जुनं घट्ट झालेलं तेल रॉकेलनं धुतलं, नवं घातलं. संध्याकाळी मान वर केली तर अप्पा माझ्याकडं बघत होते. माझे गुडघे दुपारपासनं हलले नव्हते, हे माझ्याआधी त्यांच्या लक्षात आलं असणार.

आता काठी हवी होती. साहेबांनी मला समजावून सांगितलं, की ही चरखी साध्या लांब काठीला चालत नाही. भोई लोक दहा-बारा हात लांब वेळू वापरतात, त्याला दोर टोकाशी बांधलेला असतो, पाण्यावर नुसता धरायचा. इथं लाकडाचा छोटा मासा फेकायचा असतो, त्याच्या पोटाखाली गळ, आणि तो पाण्यातनं ओढत आणायचा, म्हणजे मरळ नावाची मासळी बेडूक समजून झडप घालते. मरळ गवतात, पाणवेलीत लपून बसते. तिथं नेमकं वीतभर जागेत टाकता आलं पाहिजे, आणि ती लागली की वेलीत शिरायच्या आत बाहेर ओढता आली पाहिजे.

मी सोलापूरच्या बांबूच्या वखारीत तीन वेळा गेलो. पहिली काठी आठ फुटांची, मऊ. फेकली की ती आपलीच वाकत राहायची आणि लाकडी मासा उशिरा सुटून पायापुढं पडायचा. दुसरी भरीव, लाठीसारखी. तिच्यात हलका मासा फेकायला जोरच येईना, आणि झटका दिला तर दोर तुटायचा. साहेब म्हणाले, आधी काय फेकायचं त्याचं वजन बघा, मग काठी निवडा; आपण उलटं करतोय. तेव्हा मी तो लाकडी मासाच खिशात घालून वखारीत गेलो. दोरीच्या तुकड्यानं तो एकेका बांबूच्या शेंड्याला अडकवला आणि हलवून बघितला. वखारवाला आधी हसला, मग कंटाळून आत निघून गेला. शेवटी सहा फुटांची एक मिळाली, भरीव बांबूची, पेरं जवळजवळ, वरच्या तिसऱ्या भागातच वाकणारी. छत्रीच्या तारेच्या कड्या करून मी त्या रेशमी दोऱ्यानं बांधल्या आणि वर लाख चढवली. चरखी धरायच्या जागेपाशी, काठीच्या वरच्या अंगाला बसवली. खाली नाही, वर. कारण अंगठा रिळावर राहिला पाहिजे.

तो अंगठाच साहेबांना राहिला नव्हता. त्यांनी खळ्यात एकदा फेकून दाखवलं. मासा सुटला, रीळ भणाणलं, त्यांना ते थांबवता आलं नाही आणि क्षणात पुन्हा घरटं. त्यांनी काठी माझ्या हातात दिली.

"सावकार, तुम्ही दाणा अंगठ्याखाली फिरवून ओल सांगता," ते म्हणाले. "तसाच दोर बघा. डोळ्याला विचारू नका, अंगठ्याला विचारा."

महिनाभर आमच्या खळ्यावर मी गळ काढलेला लाकडी मासा फेकत होतो. वीस पावलांवर सूप ठेवायचं आणि त्यात टाकायचं. चरखीच्या बाजूला एक बारीक पेच होता. साहेबांनी तो लावायची रीत सांगितली. काठी आडवी धरून अंगठा सोडायचा. मासा आपल्या वजनानं सावकाश खाली यावा आणि जमिनीला टेकला की रीळ आपोआप थांबावं. पेच फार आवळला तर मासा लांब जात नाही, ढिला राहिला तर गुंता. पण पेच नुसता मदतीला. खरं काम अंगठ्याचं. काठी मागं नेऊन पुढं आणायची, डोक्यावरनं पुढं येताना अंगठा उचलायचा, पण पुरता नाही. दोर त्याच्याखालनं चाटून गेला पाहिजे. मासा पडायच्या जरा आधी दाबायचा. फेकताना मूठही उलटी गरगर फिरायची. बोटं लागली तर सोलून काढायची. समोरनं वारं आलं की सगळं बिघडायचं. पहिले आठ दिवस मी फेकण्यापेक्षा गुंते सोडवण्यातच जास्त होतो. मग एका सकाळी मासा सुपात पडला. लगेच पुन्हा पडला.

खरं सांगायचं तर त्यानं मला शांतता मिळाली नाही. गुडघ्यातली वळवळ अंगठ्यात आली, एवढंच. गादीवर बसलो तरी अंगठा तर्जनीवर घासत राहायचा. गिऱ्हाईक बोलत असलं तरी मी त्याच्या मागच्या खांबापर्यंतचं अंतर मापत असायचो.

उन्हाळ्यात आम्ही हिप्परग्याच्या तळ्यावर जायला लागलो. ते तळं हद्दीपलीकडं, सोलापूरकडं. साहेबांना सुटी असली की पहाटे मी सायकलवर आणि ते एखाद्या रिकाम्या परतणाऱ्या बैलगाडीत. पाणी ओसरून कडेला गवताची बेटं उघडी पडलेली असायची. साहेब काठावर सावलीला बसत आणि नुसतं बोट दाखवत. तिथं, त्या दोन वेलींच्या मधे. आता थांबा. आता ओढा, हळू. त्यांना पाण्यावरचा एक बुडबुडा पुरे व्हायचा.

पहिली मरळ लागली तेव्हा मला वाटलं दोर ओंडक्यात अडकला. मग ओंडका चालायला लागला. काठी चरखीपर्यंत वाकली, दोर अंगठ्याखालनं भाजत गेला आणि मी ओरडलो की काय ते आठवत नाही. साहेब उभे राहिले होते. दमानं घ्या, ढील देऊ नका, एवढंच ते म्हणत होते. काठावर आली ती हातभर लांब, सापासारख्या डोक्याची, काळी, अंगावर पट्टे. इतर मासे पाण्याबाहेर लवकर मरतात. मरळ मरत नाही. गवतात ती कितीतरी वेळ तोंड उघडत मिटत पडून होती आणि मी तिच्याकडं बघत होतो. त्याच क्षणी मला दुसरी धरायची होती.

मासा साहेबांनी नेला. मी ओढ्यावर अंघोळ करून घरी आलो. असं पाच-सहा वेळा झालं.

अप्पांना कुणी सांगितलं ते कळलं नाही. बाजारच्या रस्त्यावर काय लपतंय. ते रागावतील म्हणून मी तयारीत होतो. ते रागावले नाहीत. जेवण झाल्यावर ओसरीवर त्यांनी मला जवळ बसवलं.

"तू खात न्हाइस, ते मला ठावं हाय," ते म्हणाले. "मग मारतोस कशापायी?"

साहेब खातात, असं मी म्हटलं. त्यांच्यासाठी मारतोस का, असं त्यांनी विचारलं. मी खोटं बोलू शकलो असतो. नाही म्हटलं.

"मग?"

"मला न्हाय सांगता येत, अप्पा."

"सांगता आलं की सांग," ते म्हणाले आणि उठून गेले. पुन्हा त्यांनी तो विषय काढला नाही. काढला असता तर मला सोपं गेलं असतं.

पंधरा दिवस मी तळ्यावर गेलो नाही. मग गेलो आणि धरलेली मरळ गळ काढून परत सोडली. साहेबांनी मान हलवली. मला वाटलं आपण मार्ग काढला. घरी बायकोला मोठ्या तोऱ्यात सांगितलं. ती पीठ मळत होती. जबड्यातनं गळ कसा काढता, असं तिनं विचारलं. मी दाखवलं. ती हळूच म्हणाली, "पाप."

मी चिडलो. ती मला पापी म्हणतेय असं वाटून दोन दिवस धड बोललो नाही. तिसऱ्या दिवशी तिनं आपणहून उलगडा केला. तिच्या भाषेत पाप म्हणजे बिचारा. ती मरळीविषयी म्हणाली होती. मग आम्ही दोघंही हसलो, पण मला पहिला अर्थ सोसला असता त्यापेक्षा हा दुसरा जड गेला.

त्याच पावसाळ्यात इंग्रज गेले. तळ्याकडची बाजू स्वतंत्र झाली आणि आमची बाजू निजामाचीच राहिली. नाका होता तिथंच होता, पण हद्द एकदम जाडजूड झाली. सरकारी नोकर म्हणून साहेबांना पलीकडं जाता येईना. मी वाणी, मला मालाच्या निमित्तानं जाता यायचं. माल येणं कमी झालं, मिठाची आणि रॉकेलची टंचाई झाली. बरीच माणसं बायकामुलांना सोलापूरला पोचवत होती. अप्पा दुकान सोडायला तयार नव्हते. साहेब नाक्यावर खुर्ची टाकून बसायचे आणि सारखे उठायचे. मी पहिल्यांदाच माझ्यापेक्षा बेचैन माणूस बघत होतो.

"तुम्ही जा," ते मला म्हणाले. "आल्यावर मला सांगा."

मी जायचो. परत येताना नाक्यावर थांबून सगळं सांगायचो. कुठं फेकलं, पाणी कसं होतं, मरळ कुठं उठली. ते डोळे मिटून ऐकायचे. मधेच एखादा प्रश्न. वारं कुठनं होतं? पेच किती आवळला होता? त्यांचा बधिर अंगठा मांडीवर पडलेला असायचा.

पण काठी घेऊन तिथं उभं राहिलं की माझा हात उचलायला कचरू लागला. कधी अप्पांचा प्रश्न आठवायचा, कधी बायकोचा तो शब्द. एकदा बांधावरच्या एका माणसानं मला विचारलं, कुठल्या बाजूचे? तोवर मला असं कुणी विचारलं नव्हतं. मी तामलवाडी म्हटलं. त्यानं माझ्या हातातली काठी नीट न्याहाळली आणि तो निघून गेला. त्या दिवशी मी एकदाही फेकलं नाही. बाभळीखाली बसलो, उठलो, बांधावरनं फिरलो, परत बसलो. नाक्यावर आल्यावर साहेब वाट बघत होते. त्यांचा चेहरा बघून मी सांगून टाकलं, की दोन लागल्या, एक सुटली.

मग तसंच सुरू झालं. चार-पाच खेपा मी न फेकता परत आलो आणि दर वेळी एक मासा रचून सांगितला. कुठं उठली, किती ओढली, सगळं. मला ते बरं जमत होतं, ही सगळ्यात वाईट गोष्ट.

एकदा मी सांगत असताना साहेबांनी सहज हात पुढं करून चरखी मागितली. त्यांनी डाव्या हातानं दोराचं टोक दोन-तीन हात ओढलं आणि बोटांत धरलं. रेशमी दोर पाण्यातनं आला की भिजतो. घरी येऊन तो उलगडून सावलीत वाळवायचा असतो, नाही तर कुजतो. हे मला त्यांनीच शिकवलं होतं. माझं तोंड मधेच थांबलं.

"दोर कोरडा आहे," ते म्हणाले.

कितव्यांदा, असं त्यांनी विचारलं. मी आकडा सांगितला. बराच वेळ ते दोर परत गुंडाळत राहिले, एका हातानं, हळूहळू, वेढे सारखे बसतील असे. त्यात मी मदत केली नाही. करवेना.

"मासा नाही मिळाला तर चालतं, सावकार," ते म्हणाले. "पण तळ्याचं खरं सांगत जा. मी इथं त्यावरच बसलोय."

तेव्हा मी त्यांना सगळं सांगितलं. अप्पांनी काय विचारलं, बायको काय म्हणाली, बांधावरचा माणूस. आणि त्या दिवशी खरोखर काय बघितलं तेही. पाणी उतरलंय, आपली नेहमीची बेटं उघडी पडलीत, एक मरळ उथळ पाण्यात आपल्या पिल्लांच्या तांबड्या ढगाखाली उभी होती आणि मी जवळ गेलो तरी हलली नाही. साहेब म्हणाले, हलणार नाही. त्या दिवसांत तिला धरायची नसते. मग अप्पांच्या प्रश्नाचं तुम्ही काय सांगाल, असं मी त्यांना विचारलं. ते म्हणाले, मी खातो, म्हणून मला कुणी विचारलंच नाही.

त्यानंतर मी जायचो ते काठी न घेता. येऊन खरं सांगायचो. सांगण्यासारखं फारसं नसायचं.

पुढच्या श्रावणात साहेबांना हैदराबादेला परत बोलावलं. दिवस वाईट होते. गावात दोन्हीकडच्या अफवा यायच्या आणि माणसं ओळखीच्या माणसाशीही बेतानं बोलायची. मी मोटारीपर्यंत पोचवायला गेलो. अप्पांनी शिदोरी दिली होती, भाकरी आणि शेंगाची चटणी. साहेबांनी चरखी रुमालात बांधून घेतली. काठी मोटारीत आडवी बसेना, उभी बसेना, ड्रायव्हर ओरडायला लागला. मग ती माझ्याकडंच राहिली. ठेवा, असं ते म्हणाले. पोत्यांच्या खोलीत ती वर्षभर होती. तिला कीड लागली, तेव्हा बायकोनं चुलीत घातली.

भाद्रपदात फौजेच्या गाड्या रस्त्यानं आल्या आणि पाच दिवसांत निजामाचं राज्य संपलं. नाका ओस पडला. मला वाटत होतं, जे होणार होतं ते झालं, आता तरी जिवाला थारा मिळेल. तसं काही झालं नाही. गावोगाव मुसलमान वस्त्यांत जे घडलं त्यातलं बरंच ऐकवत नव्हतं. साहेबांचं काय झालं असेल या विचारानं मी दुकानात आणि दुकानाबाहेर घिरट्या घालत होतो.

पौषात कार्ड आलं. उर्दूत होतं. शाळेत आम्ही उर्दूच शिकलो होतो, अप्पांना ती येत नव्हती. मी वाचून दाखवलं. साहेब सुखरूप होते, बहिणीकडं राहत होते. नोकरी गेली होती. खाली एकच ओळ वेगळी लिहिली होती, की तळ्याला यंदा पाणी कुठवर आहे ते कळवावं.

अप्पांनी कार्ड हातात घेतलं, उलटसुलट केलं.

"लिही, यंदा जोंधळा बरा हाय," ते म्हणाले. "आन् पाणी बघून ये, मग लिही. उगं अंदाजानं लिहू नगंस."

मी सायकल काढली. हद्द अशी काही राहिली नव्हती, तरी नाक्याजवळ पाय आपोआप टेकले. तळं बरंच भरलेलं होतं, बेटं पाण्याखाली गेली होती, बगळे होते. बांधावर बसून मी पेन्सिलीनं कार्ड लिहिलं आणि सोलापूरला जाऊन पेटीत टाकलं.

उत्तर आलं नाही. दोन वर्षांनी व्यापाराच्या कामानं हैदराबादेला गेलो, तेव्हा पत्त्यावरची गल्ली शोधून काढली. घराला कुलूप होतं. शेजारच्या म्हाताऱ्या बाईंनी सांगितलं की भाऊ-बहीण दोघंही निघून गेली, कुठं ते त्यांना सांगता येईना. तुम्ही कोण, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, तामलवाडीचा. त्यांना ते गाव माहीत नव्हतं. त्यांनी पाणी दिलं. मी ते उभ्यानंच प्यालो आणि धान्याच्या बाजाराकडं निघालो.